ताकातलं मॅग्नेशियम

माझ्या होणाऱ्या जावयाच्या आजीला मी ताकातून जुलाबाचं औषध पाजलं. दोन पेले. पहिला वाढला म्हणून, दुसरा मी आग्रह केला आणि त्यांनी पेला पुढे केला म्हणून.

मुद्दाम नाही पाजलं, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या सोसायटीत ही गोष्ट आता निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितली जाते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तऱ्हेत मी पोटच्या पोरीचं लग्न मोडायला निघालेला कारस्थानी बाप आहे. कारस्थान करायला डोकं लागतं. माझ्याकडे ते असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जन्मभर मी मॅग्नेशियम विकलं. भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत केमिकलची छोटी फर्म होती. तिथे सेल्समन म्हणून चिकटलो आणि तिथूनच रिटायर झालो. मॅग्नेशियम म्हटलं की लोकांना शाळेच्या प्रयोगशाळेतली ती डोळे दिपवत जळणारी पट्टी आठवते. ती पट्टी मी एकदाही विकली नाही. माझा माल म्हणजे तिच्या गोतावळ्यातलं बाकी कुटुंब, सगळं पांढरं, सगळं भुकटीतलं. पोटातल्या जळजळीवर दुधासारखं पांढरं औषध पितात, त्यातलं हायड्रॉक्साइड. भट्टीच्या विटांमधलं ऑक्साइड, कितीही तापवा, वितळायचं नाव घेत नाही. जिममधली पोरं वजन उचलायच्या आधी तळहातावर चोळतात ते कार्बोनेट. गोळ्यांच्या कारखान्यात मशीनला गोळी चिकटू नये म्हणून घालतात ते चिमूटभर स्टिअरेट. सल्फेट तर असं गुणी बाळ, की गुलाबाच्या मुळाशी घाला, दुखऱ्या टाचांसाठी गरम पाण्यात घाला, नाहीतर कोठा जड झालेल्या माणसाच्या पोटात घाला, तिन्हीकडे काम करतं. आणि क्लोराइड. फरशीच्या सिमेंटला लागतं, कच्च्या रस्त्यावरची धूळ बसवायला लागतं. पण त्याला एक खोड आहे. ते हवेतलं पाणी पितं. गोणीचं तोंड उघडं राहिलं की दुसऱ्या दिवशी गोणीखाली तळं. वर्षानुवर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आलो, "शेठ, तोंड घट्ट बांधा, नाहीतर माल पाणी होईल."

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

विकणं सुटलं, तरी बोलणं सुटलं नाही. कुणी पान खायला दिलं, तर मी सांगणार की पानाचा हिरवा रंग ज्यामुळे असतो त्याच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं. कुणाच्या पोटरीत गोळा आला, तर मी पोटरीआधी मॅग्नेशियमची चौकशी करणार. बायको म्हणते, "यांना उद्या देव भेटला ना, तरी विचारतील, देवा, तुमच्यात मॅग्नेशियम किती?"

तर लेकीचं ठरत होतं. ऑफिसातलाच मुलगा. गुजराती. घर भाईंदर पूर्वेला, केबिन रोडला, वडिलांचं भांड्यांचं दुकान. मुलगा इतका सज्जन, की मी त्याला कार्बोनेटपासून स्टिअरेटपर्यंत सगळं सांगितलं तेव्हा त्याने मध्ये एकदाही मोबाइल काढला नाही. त्याचे आईवडीलही तयार होते. अडलं होतं आजीपाशी. त्यांना घरात सगळे 'बा' म्हणतात. बांचा आक्षेप जातीला नव्हता, भाषेला नव्हता. मासळीला होता. आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्या घरात बांगडा तळला की वास लिफ्टने खाली जाऊन वॉचमनला सांगतो.

बांनी 'नाही' म्हटलं नव्हतं. "एकदा त्यांच्याकडे जेवायला जाईन, मग सांगीन," एवढंच म्हणाल्या होत्या. आणि दोघा पोरांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, की बांच्या मनाविरुद्ध लग्न करायचं नाही. वर्षभर असंच लोंबकळत होतं. लेक तोंडाने काही बोलायची नाही, पण त्याचा फोन आला की गॅलरीत जायची आणि परत आल्यावर तिचा चेहरा बघून बायको मला खुणेने सांगायची, 'अजून नाही.'

शेवटी एप्रिलमधला एक रविवार ठरला.

बायकोने कंबर कसली. आठवडाभर आधी मासळी बंद. ओटा घासला, फरशा घासल्या, पंखे उतरवले. कढया नव्या, चमचे नवे, पोळपाट नवा. मसाल्याचे डबे धुऊन उन्हात घातले. मग तिची नजर मिठाच्या डब्यावर गेली.

"हे फेका," ती म्हणाली. "बांगड्याला मीठ चोळताना हात याच डब्यात जातो. जाताय ना खाली, एक नवी पिशवी घेऊन या."

एवढंच काम होतं. खाली उतरायचं, वाण्याकडून पिशवी घ्यायची, वर यायचं. एखादा साधा माणूस ते करून वर्तमानपत्र वाचत बसला असता. पण माझ्या डोक्यात आलं, मिठाच्या गावात राहतो आपण! सकाळी फिरायला राई गावाच्या बाजूला जातो, तर आजही काही मिठागरं चालू दिसतात, बांधावर पांढरे ढीग दिसतात. आणि व्याह्यांच्या घरची वडीलधारी बाई पहिल्यांदा पानावर बसणार, तिला पिशवीतलं मीठ वाढायचं? नाही. मी स्वतः करणार मीठ. भाईंदरच्या पाण्याचं.

तिथला एक मिठागरवाला तोंडओळखीचा होता. सकाळी कॅन घेऊन गेलो. तो लांब, पलीकडच्या वाफ्यात मीठ ओढणाऱ्या माणसांबरोबर उभा होता. मी बांधावरून ओरडलो, "थोडं पाणी नेऊ का?"

"न्या की! दर्या भरून हाय, इचारताय काय!" तो तिकडूनच ओरडला.

आता तिथे पाणी दोन तऱ्हेचं. वाफ्यांमध्ये पातळ, आभाळ दिसेल असं. आणि बाजूच्या चरात दाट, किंचित पिवळसर, तेल ओतल्यासारखं जड. मी जन्मभर 'शेठ, घनता बघा, घनता!' म्हणत माल विकलेला माणूस. जितकं दाट, तितकं मीठ जास्त, हा हिशेब मी उभ्या उभ्या केला आणि चरातलं भरलं. ते चरात का सोडलंय, हा प्रश्न मला पडला नाही. ज्या प्रश्नावर माझं अख्खं आयुष्य चाललं, तोच नेमका पडला नाही.

गच्चीवर परातीत पाणी ओतलं. ऊन रणरणतं. थोडं आटलं, तळाशी पांढरं दिसायला लागलं, पण वरचं पाणी काही हटेना. परातीत तसंच थुलथुलत बसलं. शहाण्या माणसाने ते ओतून दिलं असतं. मी म्हटलं, वाया कशाला घालवायचं? कढईत घेतलं आणि मंद गॅसवर परतत राहिलो, शेवटचा थेंब आटेपर्यंत. मग खलबत्त्यात कुटलं. काय रंग! बर्फासारखा. चिनीमातीच्या वाडग्यात भरून वर झाकण ठेवलं आणि बायकोला दाखवलं.

तिने वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पर्समधून मिठाची नवी पिशवी काढली. तिने ती आधीच आणून ठेवली होती. इतक्या वर्षांचा संसार. माझ्यावर किती विसंबायचं ते तिला पाठ आहे.

"स्वयंपाक या पिशवीचा," ती म्हणाली. "तुमचं ते पानात वाढा. आणि ताकात घाला. ताक तुमच्याकडे."

म्हणजे पानातलं मीठ आणि ताक, एवढीच माझी जहागीर.

आदल्या दिवशी लेक माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, एक मागू?"

"माग."

"उद्या मॅग्नेशियम नको."

"म्हणजे?"

"म्हणजे शब्दसुद्धा नको. बांसमोर तरी नको. त्यांना आधीच वाटतंय हे घर वेगळं आहे. आणखी वेगळं नको वाटायला."

तिचा आवाज असा होता, की मी चेष्टा केली नाही. गळ्याला हात लावून शपथ घेतली.

बा आल्या. पूर्वेकडून आमच्या पश्चिमेला, रिक्षाने, रेल्वेच्या पुलावरून, नातवाचा हात धरून. लहानखुऱ्या, सुती पांढरी साडी, चष्म्यामागे कुठलाही दोष न सोडणारे डोळे. घरात शिरल्या त्या थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश एक श्वास घेतला. बायकोने स्वतःचा श्वास रोखला. लेकीने बहुतेक डोळेच मिटले. बा वळल्या, बाहेर येऊन पाटावर बसल्या, आणि पाण्याचा पेला उचलला. नातवाने मला आधीच सांगून ठेवलं होतं, की ज्या घराला नकार द्यायचा त्या घरचं बा पाणीसुद्धा पीत नाहीत. त्या पाणी प्यायल्या.

आधी देवाला नैवेद्य दाखवला. नैवेद्याआधी आमच्याकडे कुणी चव घेत नाही. ते उष्टं होतं. म्हणजे माझं मीठ आणि माझं ताक, दोन्ही कुणाच्या जिभेला न लागताच पानापर्यंत पोहोचलं. बांनी लेकीला आपल्या शेजारी बसवून घेतलं. बायको वाढत होती. मीही बसलो, पण मला बीपी. डॉक्टरांनी पानात वरचं मीठ बंद केलंय आणि खारट ताकही. म्हणून मी फक्त वाढलेलं बघत बसलो.

पानाच्या वरच्या टोकाला मधोमध पहिल्यांदा मीठ वाढलं जातं. ते मी स्वतः वाढलं. बांनी बोटाचं टोक मिठाला लावलं, जिभेला लावलं, आणि डोळे मिटले.

"हे मीठ कुठलं?"

"आमच्या भाईंदरचं," मी म्हणालो. "घरी केलंय."

"दिसतंय," बा म्हणाल्या.

मला ती शाबासकी वाटली.

मसालेभात झाला, पुरणपोळी झाली, आणि माझं ताक आलं. आलं, जिरं, हिंग, मिरची, वर कोथिंबीर. मुलगा म्हणाला, "कोथिंबीर काय हिरवीगार आहे, अंकल!" आणि त्या हिरव्या रंगाच्या मधोमध कोण बसलेलं असतं ते सांगायला माझी जीभ वळवळली. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी जीभ चावली. आयुष्यात एवढा संयम मी कधी केला नव्हता.

मुलाने एक घोट घेतला आणि पेला तोंडाजवळच थांबला. लेकीने आपल्या पेल्यातून एक घोट घेतला. क्षणभर थांबली. मग तिने स्वतःचा पेला संपवला, त्याच्या हातातला पेला घेतला आणि तोही संपवला. मी मनात म्हटलं, बघा, पोरीला बापाच्या हातचं ताक किती आवडलं.

बांनी पेला संपवून खाली ठेवला. "कडू आहे."

"हिंग जरा जास्त झाला असेल," मी म्हणालो. "घ्या ना अजून थोडं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि पेला पुढे केला. "द्या."

पाहुणे गेल्यावर बायको जेवायला बसली. आमच्याकडे वाढणारी शेवटी बसते. त्या दिवशी ही रीत फार महागात पडली. तिने ताकाचा घोट घेतला आणि उठून मोरीकडे धावली.

"हे काय आहे? हे तुम्ही प्यायलात?"

"मला बीपी आहे ना."

"देवा! हे त्या माउलीला पाजलंत?"

मी ओट्याकडे वळलो. मिठाच्या वाडग्याचं झाकण उघडं राहिलं होतं. आत बर्फासारखी भुकटी नव्हती. वाडग्यात पाणी होतं, आणि त्याच्या तळाशी पांढरे गोळे भिजत होते.

शेठ, तोंड घट्ट बांधा, नाहीतर माल पाणी होईल.

मी खुर्चीवर बसलो. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियमचं क्लोराइड असतं, सल्फेट असतं. पाणी आटतं तसं मीठ आधी खाली बसतं, आणि बाकीचं सगळं वरच्या दाट, कडू पाण्यात उरतं. मिठागरात ते वेगळं काढून चरात सोडतात, कारण ते मिठात राहिलं तर मीठ कडू होतं आणि हवेत ओलं होतं. मी ते टाकलेलं पाणी उचलून आणलं, शेवटच्या थेंबापर्यंत आटवलं, कुटलं, आणि पानाच्या पहिल्या जागेवर वाढलं. मासळीच्या भीतीने घर घासून काढलं, आणि घात केला तो मिठाने.

"बाबा," लेक दारात उभी होती. "म्हणजे ते मॅग्नेशियम होतं?"

"मी शब्द काढला नाही," मी म्हणालो. याहून बावळट वाक्य जगात दुसरं असेल, तर मला ऐकायचंय.

"बोलू नका म्हटलं होतं," ती म्हणाली. "पाजू नका म्हणायचं राहिलं." आणि आत गेली. संध्याकाळभर ती फारशी दिसलीच नाही. मला वाटलं, रागावलीय.

दिवेलागणीला मुलाचा फोन आला. "अंकल, बा... सारख्या आत-बाहेर चाललंय."

तेव्हा मला खरी भीती वाटली. माल विकताना गोणीबरोबर धोक्याची माहितीही पाठ करावी लागते. किडनी अधू असली की हे मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकता येत नाही, आणि म्हातारपणी किडनीचा भरवसा नसतो. मी त्याला सगळं सांगितलं. "डॉक्टरकडे ने. नुसतं पोट बिघडलं म्हणू नकोस, पोटात मॅग्नेशियम गेलंय म्हण. लाजू नको." बायको देवापाशी बसली होती. नात्याचं काय होईल हा विचार त्या वेळी आमच्या मनात नव्हता. ती म्हातारी बाई बरी होऊ दे, एवढंच. मग परत फोन आला. डॉक्टरांनी तपासलं, पाणी भरपूर द्या म्हणाले, काळजीचं कारण नाही. "अंकल, पण मी बांना काही सांगितलेलं नाही. पोट बिघडलं, एवढंच. तुम्हीही सांगू नका."

लेक आतून म्हणाली, "सांगायचं. बाबा, तुम्हीच सांगायचं. उद्या जाऊन." आवाज थकलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहाळी घेऊन मी केबिन रोडला पोहोचलो. बा गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा जरा उतरलेला, डोळे तेच. नातू माझ्याकडे बघून मान हलवत होता: नको, नको. मी समोर बसलो आणि सुरुवात केली. चर, दाट पाणी, परात, कढई, खलबत्ता. बांनी मध्येच विचारलं, "हे मॅग्नेशियम म्हणजे काय?"

मी नातवाकडे बघितलं. शपथ काल दुपारपर्यंतचीच होती, असं मनाशी ठरवलं, आणि सुटलो. विटा सांगितल्या, गोळ्या सांगितल्या, गुलाब सांगितले, पानाचा हिरवा रंग सांगितला, पोटरीतले गोळे सांगितले. बा ऐकत होत्या. मधून मधून "अच्छा" म्हणत होत्या. "एवढं सगळं आपल्या खाडीच्या पाण्यात?" एकदा विचारलंही. माझं सगळं मॅग्नेशियम शेवटपर्यंत ऐकून घेणारं ते पहिलंच माणूस. बोलता बोलता मला भान आलं, की ही बाई माझ्यामुळे रात्रभर झोपलेली नाही. मी थांबलो आणि हात जोडले.

"बा, चूक माझी. घराची नाही. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं."

"माहीत होतं," बा म्हणाल्या.

"नाही, खरंच..."

"अरे भाई, ऐका. मी काल तुमच्या घरी नाही म्हणायला आली होती. मासळीचं घर, नाही म्हणणार, पण जेवून म्हणणार, असं ठरवून आली. पाणी प्यायली ती उन्हातून आली म्हणून. तुमच्या बाईने घर असं घासलं की भिंतीचा रंग निघाला, ते बघितलं, तरी नाहीच होतं. मग तुमचं मीठ चाखलं. कडू जहर. छाश त्याहून जहर. माझ्या नातवाने पेला खाली ठेवायला घेतला, तर छोकरीने तिचा पेला पिऊन टाकला, आणि त्याचा पण. का? तुमचं तोंड पडू नये म्हणून. तोंड वाकडं केलं नाही तिने. मग मी पण अजून मागितली. बघू म्हटलं, काय करते. तर तिने माझ्या पेल्याला हात लावला, 'बा, राहू द्या' म्हणाली, हळूच. तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही कोथिंबीर बघत होते."

मला काल संध्याकाळची लेकीची बंद खोली आठवली. रागावली नव्हती ती. तिलाही दोन पेले भोवत होते.

नातवाने पाणी आणून दिलं, ते घेतलं. पाणी गोड होतं, म्हणजे पाण्यासारखंच होतं, पण मला गोड लागलं.

बांनी शहाळ्याची नळी तोंडात धरली, एक घोट घेतला, आणि खात्री करून घ्यावी तसं जिभेवर फिरवला. मग म्हणाल्या, "मुहूर्त बघायला सांगते आज. बापाची लाज राखते, ती आमची पण राखेल."

"बा..." मी खिशात रुमाल शोधायला लागलो.

"रडू नका," त्या म्हणाल्या. "छोकरी तुमच्यावर गेली नाही, म्हणून हो म्हणते."